शेतात मिक्सर कोण फिरवतं?

थीसिसमध्ये एक वाक्य असतं : 'पाने गोळा करून त्यांचा अर्क तयार केला.' संपलं! वाचणाऱ्याला वाटतं, बाई सकाळी गेल्या, पानं आणली, अर्क काढला आणि दुपारी डबा खाऊन झोपल्या. त्या एका वाक्यामागे किती भांडणं, किती शिंका आणि एका नवऱ्याची बाटली आहे, हे फक्त आमच्या लॅबला माहीत. आम्ही दोघी-तिघी चहाला जमलो की हेच निघतं. एकीनं एक किस्सा सांगितला की दुसरीला दोन आठवतात. मला तर चहा कायम गारच प्यावा लागतो, कारण मी बोलत असते.

आधी मंडळी सांगते, म्हणजे पुढे घोटाळा नको. बाहेरच्या देशांतून येऊन आपल्याकडे माजलेली तणं पिकांवर काय परिणाम करतात, हे बघणारी आमची बेंगळुरूची लॅब. झाडं वाटतात तेवढी गरीब नसतात हो! ही तणं पानांतून, मुळांतून रसायनं सोडतात आणि शेजारच्याला वाढू देत नाहीत. सोसायटीत राहणाऱ्यांना हे फार समजावून सांगावं लागत नाही.

मी तेजश्री, सांगलीची. माझ्याकडे घाणेरीचं झुडूप. मृणाल नागपूरची, तिच्याकडे गाजर गवत आणि त्याचा नाचणीवर, म्हणजे इथल्या रागीवर होणारा परिणाम. कुंड्यांचं जाळीचं शेडहाउस सांभाळणाऱ्या सुमित्राक्का, म्हणजे इथल्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आले ते इथलेच झाले. अक्का एका वाक्यात मराठी सुरू करतात आणि कन्नडमध्ये उतरतात, आणि आपल्याला वाटेत कुठे बदललं ते कळतही नाही.

आणि आमचे सर. गाइड. शांत माणूस. इतका शांत की कधीकधी राग येतो! मला एका जागी बसवत नाही, आणि मला काम काय मिळालं, तर बी उगवायची वाट बघायची. मृणाल माझ्याहून वरताण. ती पेट्री डिशचं, म्हणजे बी रुजत घातलेल्या बशीचं झाकण सारखं उघडून 'आलं का? आलं का?' करते. सर दारातून जाता जाता म्हणतात, "मृणाल, स्वल्प कम्मी माडी." म्हणजे, थोडं कमी करा. काय कमी करा, ते सर कधी सांगत नाहीत. घाई, बडबड, चहातली साखर, एक्सेलमधले रंग... ज्याचं त्यानं समजून घ्यायचं.

*

तर पानं गोळा करणं.

मृणाल आणि तिचा नवरा निखिल सर्जापूर रोडच्या एका सोसायटीत भाड्यानं राहतात. त्यांच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत असं माजलेलं, की मृणाल गॅलरीत उभी राहून आपली शेती बघितल्यासारखं बघायची. "पाय ना तेजू, किती छान आलंय!" असं गाजर गवताला म्हणणारी भारतात ही एकटीच असावी.

एका रविवारी आम्ही दोघी मास्क, हातमोजे, पोती असा जामानिमा करून तिथे उतरलो. थोडी रोपं उपटली असतील, तेवढ्यात वरच्या गॅलऱ्यांतून टाळ्या! बघतो तर सोसायटीतले चार-पाच अंकल खाली आलेले. असोसिएशनचे सेक्रेटरी पुढे. त्यांनी आम्हाला शहाळी पाजली, फोटो काढले. 'आजच्या तरुण पिढीचा आदर्श' असं लिहून फोटो ग्रुपवर गेले. आम्ही सांगायचा प्रयत्न केला की आम्ही साफसफाई करत नाही आहोत. पण शहाळं पिताना माणसाला नीट बोलता येत नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा पोती घेऊन गेलो. प्लॉट चकाचक! एक काडी नाही. आदर्श घेऊन अंकल लोकांनी जेसीबी बोलावलेला!

मृणाल मटकन तिथेच बसली. "माझं गवत कुठं गेलं बाप्पा?"

सेक्रेटरी अंकल पळत आले. तिचे भरलेले डोळे बघून त्यांनाच गहिवरून आलं. "थँक्यू नको बेटा," ते म्हणाले, "ही प्रेरणा तुमचीच!"

*

मग ठरलं, आपणच लावू. शेडहाउसमध्ये कुंड्या भरल्या, बी टाकलं, पाणी घातलं.

उगवेना!

अहो, गाजर गवत! जे रेल्वेच्या रुळांमध्ये येतं, फुटपाथच्या फटीत येतं, शेडहाउसच्या दाराबाहेर अक्कांनी रोज उपटलं तरी रोज येतं, ते आमच्या कुंडीत यायला तयार नाही. आम्ही खत घातलं, कुंड्या उन्हात ठेवल्या, सावलीत ठेवल्या. मृणाल तर त्याच्याशी बोलायला लागली.

"अय्यो, त्याला कळलंय," अक्का म्हणाल्या. "बेकू म्हटलं की येणार नाही. बेड म्हण, बघ कसं येतंय."

'हवंय' न म्हणता 'नको' म्हणून बघितलं की नाही ते मृणाल सांगत नाही. पण शेवटी आलं बुवा. चांगलं गुडघ्याएवढं झालं, तजेलदार. उद्या पानं काढायची, म्हणून आम्ही खूश होऊन घरी गेलो आणि सकाळी आलो तर नुसत्या काड्या! पानांची चाळण. आणि काड्यांवर तट्ट फुगलेले मेक्सिकन भुंगेरे. हे भुंगेरे गाजर गवत खातात. तेवढ्यासाठीच त्यांना फार पूर्वी या देशात आणलंय. बाहेर एवढं रान पडलंय ते सोडून त्यांना आमच्याच कुंड्या सापडल्या.

शेजारच्या लॅबमध्ये या भुंगेऱ्यांवर काम करणारा बसवराज बेळगावचा. त्याला ओरडून बोलावलं. तो आला, त्यानं बघितलं आणि त्याचा चेहरा असा उजळला म्हणता! "काय सुंदर खाल्लंय हो!" तो म्हणाला. "आमच्याकडं असं कधीच खात नाहीत. काय घातलं होतं तुम्ही?"

मृणालनं हातातली रिकामी कुंडी खाली ठेवली. नाहीतर त्याच्या डोक्यात गेली असती.

*

एवढं सगळं होईतो मृणालचे डोळे सुजायला लागले होते. आधी शिंका, मग मनगटांवर लाल चट्टे. गाजर गवताची अ‍ॅलर्जी पुष्कळांना होते. पण जिचा जन्म त्यात चाललाय, तिला व्हावी! सरांना कळलं तर विषय काढून घेतील, या भीतीनं ही बया भर एप्रिलमध्ये लांब बाह्यांचे शर्ट घालून यायची. सर आले की मी मोठ्यानं खोकायचे, म्हणजे हिची शिंक झाकली जावी. सर मलाच म्हणायचे, "तेजश्री, डॉक्टरांना दाखवा."

शेवटी मीच तिला ओढत त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, "पार्थेनियम, म्हणजे गाजर गवत. अगदी क्लासिक केस आहे. त्या झाडापासून लांब राहायचं."

"मॅडम, मी त्याच्यातच पीएचडी करून राहिली."

बाईंनी पेन खाली ठेवलं, हिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा पेन उचललं. "मग विषय बदला," त्या म्हणाल्या. "मलम फक्त चट्ट्यांवर आहे."

*

आता जरा गंभीर. मृणालला थीसिस द्यायला मिळालेली मुदतवाढ शेवटची होती. यानंतर नाही. तिकडे निखिलची इलेक्ट्रॉनिक सिटीतली कंपनी त्याला पुण्याच्या ऑफिसात बोलवत होती. चांगली जागा होती. 'बायकोचं सबमिशन होऊ दे' म्हणून तो मॅनेजरला थोपवून धरत होता, आणि मॅनेजर काही त्याचा मामा नव्हता. त्यामुळे हे सबमिशन आता एकटीचं राहिलं नव्हतं. दोघं घरात याबद्दल बोलत नसत, पण मृणाल लॅबमध्ये आली की खुर्चीवर न बसता नुसती येरझारा घालायची.

अशात तिचा रिव्ह्यू झाला. कमिटी समोर. मृणालनं फोटो दाखवले. नुसतं पाणी घातलेल्या डिशमध्ये नाचणी छान उगवलेली. असं तुलनेसाठी ठेवतात त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. आणि गाजर गवताच्या पानांचा अर्क घातलेल्या डिशमध्ये मुळं काळी, कोंब खुरटे. पोरीनं झकास मांडलं.

कमिटीतले एक म्हातारे प्रोफेसर बिस्कीट चहात बुडवत म्हणाले, "अर्क कसा काढला?"

"सर, मिक्सरमध्ये वाटून."

"हं. शेतात मिक्सर कोण फिरवतं?"

सगळे हसले. मृणाल नाही. म्हातारबाबा पुढे म्हणाले, "पोरी, कुठलाही पाला वाटून बियांवर ओतलास तर बिया मरणारच. हा तुझ्या गवताचा गुण कशावरून? मातीत करून दाखव. नाहीतर सबमिट करू नकोस."

बाहेर आल्यावर मृणालची आग आग! "कुठलाही पाला म्हणे! कुठलाही पाला असा मारते का? यायनं कधी डिश पाहिली का हातात घेऊन?" सर मागून हळूहळू येत होते. काय म्हणाले असतील ते सांगायला नकोच.

*

आणि मग ती बाटली.

निखिल बिचारा चांगला माणूस. शनिवारी मृणालला सोडायला आला की कुंड्या उचलून द्यायचा, पोती ओढायचा. त्याला एकच खूळ होतं, तब्येतीचं. रोज सकाळी कोथिंबिरीचा ज्यूस. हिरवागार, बिनसाखरेचा. त्या शनिवारी ऊन होतं, म्हणून त्यानं आपली बाटली आमच्या फ्रिजमध्ये ठेवली. फ्रिजवर अक्कांनी हातानं लिहिलेली पाटी आहे : 'खाद्यपदार्थ ठेवू नयेत.' मी पाटी दाखवली.

"हे खाद्य कुठे आहे?" तो म्हणाला. "पेय आहे."

आयटीवाल्यांशी वाद घालू नये. मी सोडून दिलं. आणि कुंड्या उचलण्याच्या नादात तो बाटली विसरून गेला.

सोमवारी मृणालनं नवीन डिश लावल्या. चार दिवसांनी झाकणं उघडली आणि नाचली! "तेजू, ये ना इकडं! इतका क्लीन रिझल्ट कधीच नाही आला!" खरंच होतं. नाचणीचा कोंब जेमतेम टोक काढून थांबलेला, मुळांची टोकं काळी. सर आले, त्यांनी भिंग लावून बघितलं. सर म्हणाले, "व्हेरी गुड." सरांच्या तोंडून 'व्हेरी' मी तरी पहिल्यांदाच ऐकला.

मी माझा अर्क काढायला फ्रिज उघडला. मागच्या कोपऱ्यात मृणालच्या गाजर गवताची बाटली. गच्च भरलेली. सील न फोडलेली!

पुढे एक अर्धी झालेली हिरवी बाटली होती. मी झाकण काढून वास घेतला. लिंबू. जिरं. काळं मीठ!

अक्कांनीही बाटली नाकाशी नेली. मग अक्का हळूच म्हणाल्या, "पाणीपुरी घातली की गं रागीला."

मृणालनं निखिलला फोन लावला. ती काय काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटचं तेवढं सांगते. "माझं वाटोळं केलं तुझ्या त्या हिरव्या पाण्यानं! उद्यापासून लॅबमध्ये पाय ठेवायचा नाही!" आणि फोन ठेवून रडायला लागली. बाटलीसाठी नाही हो. तिला कळलं होतं. म्हातारबाबा बरोबर असतील तर? कुठलाही पाला असंच करत असेल तर इतकी वर्षं तिनं मोजलं काय?

सरांनी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसले. "मीठ आणि लिंबू कशालाही मारतात," ते म्हणाले. "ते काढा. नुसती कोथिंबीर घेऊन पुन्हा करा."

पुन्हा केलं. नुसती कोथिंबीर, पाण्यात वाटलेली. नाचणी तश्शीच खुरटली.

*

आता एकच रस्ता होता. मातीत लावायचं. कुंड्यांमध्ये नाचणी, आणि तीन पाणी : नुसतं पाणी, कोथिंबिरीचं पाणी, गाजर गवताचं पाणी. कोथिंबिरीच्या कुंड्याही गवतासारख्याच खुरटल्या, तर गाशा गुंडाळायचा. हे मृणालनं स्वतः फळ्यावर लिहिलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

पण माती अशी हवी की जिच्यात गाजर गवत कधी उगवलेलंच नाही. बेंगळुरूत! लोकांना इथे पार्किंग मिळत नाही म्हणून रडू येतं. आम्हाला माती मिळेना. के. आर. पुरमकडच्या एका नर्सरीवाल्यानं छातीठोकपणे सांगितलं, "मॅडम, एकदम शुद्ध माल." पोती आणली, पाणी मारलं, आठवड्यात वर काय आलं? सांगायला हवं का! फोन केला तर म्हणतो, "बघा मॅडम, किती सुपीक आहे."

अक्कांनी दोन दिवस आमची धावपळ बघितली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आमच्या घरामागं आहे माती. सासूबाई रोज सकाळी बसून साफ करतात. तिथं काडी उगवायची कुणाची टाप नाही." पण सासूबाई माती द्यायला तयार नाहीत. त्यांच्या घरची रीत अशी की अंगणातली माती बाहेर जात नाही. लेकीलासुद्धा देत नाहीत. अक्कांनी काय सांगितलं देव जाणे, पण एका सकाळी रिक्षातून पोती घेऊन उतरल्या.

"कसं केलं अक्का?"

"सांगितलं, माती युनिव्हर्सिटीत शिकायला चाललीय. शिकून झालं की परत येणार."

*

मग सुरू झाली कोथिंबीर. कुंड्या पुष्कळ, आणि पाणी दर वेळी ताजं हवं. अक्का आणि मी सकाळी बाजारात जाऊन जुड्यांवर जुड्या उचलायचो. कोथिंबीरवाली दोन दिवस बघत राहिली, तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "मदुवेना, अक्का?" म्हणजे लग्न आहे का?

अर्काची गोष्ट कन्नडमध्ये समजावण्यापेक्षा सोपं म्हणून अक्का म्हणाल्या, "हौदु." हो.

झालं! त्या दिवसापासून ती रोज माझ्याकडे निरखून बघायची. नवरी मी, हे तिनं ठरवूनच टाकलं. मुलगा काय करतो? अक्का म्हणाल्या, आयटीत आहे. मुलगा उंच आहे का? अक्का म्हणाल्या, स्वल्प. मी शेजारी उभी, माझं लग्न ठरतंय, आणि मला कुणी काही विचारत नाही! घरी आईसुद्धा याहून जास्त विचारते.

पुढे तर तिनं कढीपत्ता फुकट द्यायला सुरुवात केली. एक दिवस पिशवीत गजराही निघाला. मग मात्र मला कसंतरी व्हायला लागलं. "अक्का, तिला खरं सांगा ना आता."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी तिला काहीतरी सांगितलं. ती बाई गहिवरली, तिनं माझा हात हातात घेतला.

"काय सांगितलं?"

"लग्न मोडलं म्हणून."

*

कुंड्यांचे ते दिवस मी पुन्हा जगणार नाही. मृणालला चैन नाही, मला चैन नाही. ती सकाळी यायची ती थेट शेडहाउसमध्ये. एका कुंडीत बी वर येईना म्हणून तिनं बोटानं माती उकरून बघितलं, आणि रुजलेला कोंब मोडला! मी तिच्या हातावर चापट मारली. दुसऱ्या दिवशी मीच एक उकरताना सापडले. शेवटी अक्कांनी शेडहाउसला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. आम्ही दोघी जाळीला नाक लावून बाहेर उभ्या!

"आत काय आहे, वाघ?" बसवराजनं जाता जाता विचारलं.

निखिल येत नव्हता. लॅबमध्ये पाय ठेवायचा नाही म्हटलं ना, मग तो गेटवरच तिला सोडायचा आणि यू-टर्न घ्यायचा. घरी बोलणं म्हणजे 'दूध संपलंय' आणि 'किल्ली घेतलीस का' एवढंच. मृणालला वाईट वाटत होतं, पण सॉरी म्हणायला तोंड उघडलं की तिला मॅनेजरचा फोन आठवायचा, पुणं आठवायचं आणि ती पुन्हा चिडायची. कुणावर, ते तिलाही सांगता आलं नसतं.

नाचणी वाढू लागली तशा आमच्या माना लांब झाल्या. नुसत्या पाण्याच्या कुंड्या छान. कोथिंबिरीच्या कुंड्या... मृणालनं डोळेच मिटून घेतले. "तू पाय. मी नाही पाहत."

मी बघितलं. कोथिंबिरीच्या कुंड्यांतली नाचणी नुसत्या पाण्याच्या नाचणीच्या खांद्याला खांदा लावून उभी होती! डिशमध्ये मारणारी कोथिंबीर मातीत गेल्यावर पाण्यासारखी गरीब झाली होती. आणि गाजर गवताच्या कुंड्या? पिवळट, बुटक्या, रुसून बसलेल्या. पहिल्या कुंडीपासून शेवटच्या कुंडीपर्यंत.

"मृणाल, उघड डोळे."

तिनं उघडले. रांगेतून एकदा इकडून तिकडे गेली, तिकडून इकडे आली. मग अक्कांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. रडता रडता शिंकली. अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "माती पास झाली की नाही गं?" त्यांनी मला विचारलं. "सासूबाईंना सांगायचंय."

मृणालनं कुंड्यांचा फोटो निखिलला पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही. त्याचा अंगठा आला.

*

व्हायवाच्या दिवशी हॉल भरलेला. सोसायटीचे सेक्रेटरी अंकल 'आमची मुलगी' म्हणून पहिल्याच रांगेत. बसवराज. इस्त्रीच्या साडीत अक्का. आणि सुरू व्हायच्या जरा आधी दारात निखिल. त्यानं हॉलच्या उंबऱ्याकडे बोट दाखवून मला खुणेनं विचारलं, पाय ठेवू का? मी मृणालकडे बघितलं. ती लॅपटॉपची वायर जोडत होती, पण तिनं मान हलवली. तो शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसला.

बाहेरून आलेले परीक्षक नावाजलेले कडक. त्यांच्यासमोर मुलं पाणी मागतात, असं ऐकून होतो. मृणाल बोलली. मिक्सरचा प्रश्न आलाच, आणि या वेळी तिनं न चिडता उत्तर दिलं. एका बाजूला डिश, एका बाजूला कुंड्या. डिशमध्ये गवतही मारतं, कोथिंबीरही मारते. मातीत फक्त गवत मारतं. परीक्षक मागे रेलून ऐकत होते. प्रश्न विचारत गेले, विचारत गेले. माझा पाय खुर्चीखाली थांबेना. सरांनी वळून माझ्या पायाकडे बघितलं, तेव्हा थांबवला.

मग परीक्षकांनी फाइल मिटली.

"एक शेवटचा प्रश्न, डॉक्टर मृणाल."

डॉक्टर! सगळ्यांनी ऐकलं. अक्कांनी माझा दंड इतका दाबला की मी ओरडणारच होते. मृणालला मात्र ते ऐकू आलं नसावं, कारण ती अजून ताठ उभी होती.

"हा कोथिंबिरीचा कंट्रोल," परीक्षक म्हणाले. "मी पुष्कळ थीसिस तपासले, पण इतका विचार करून कुणी असा कंट्रोल घातलेला नाही. पूर्ण कामाचा कणा आहे हा. ही कल्पना कुणाची?"

मृणालनं सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते. तिनं माझ्याकडे बघितलं. मी अक्कांकडे. मग तिनं मान वर करून सगळ्या रांगांच्या पलीकडे, दाराजवळच्या खुर्चीकडे बघितलं.

"सर, माझ्या नवऱ्याची."

"अस्सं! तेही याच विषयातले का?"

"नाही सर," मृणाल म्हणाली. "तो कोथिंबिरीचा ज्यूस पितो."

परीक्षकांनी स्क्रीनकडे बघितलं. तिथे भिंतभर मोठी ती डिश होती. कोथिंबिरीचा अर्क, खुरटलेले कोंब आणि काळी पडलेली मुळं. मग त्यांनी शेवटच्या रांगेकडे बघितलं. त्यांच्यामागोमाग सगळ्या हॉलनं बघितलं. निखिल बाटली तोंडाला लावता लावता तसाच थांबला होता. हिरवीगार बाटली.

आमच्या सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

"निखिल," सर म्हणाले, "स्वल्प कम्मी माडी."